वडिलांची दुनळी आणि कट्ट्याचे काडतूस

वडील गेल्यानंतर त्यांची १२ बोअरची दुनळी बंदूक ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात ठेवणे कायद्याला धरून नव्हते. म्हणून तेरावा उरकताच ती ठाण्यात जमा केली आणि वारस या नात्याने परवान्यासाठी अर्ज दिला. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे, तरी भावंडांचे ना-हरकत पत्र, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चौकशी अहवाल यांतून सुटका नाही. याबद्दल माझी तक्रारही नाही.

ठाण्यातल्या मुंशींनी नळीवरचा क्रमांक परवान्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहिला आणि घोड्याच्या कड्याला चिठ्ठी बांधली. त्याच टेबलावर नुकताच जप्त केलेला एक कट्टा, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल, मोहोरबंद व्हायचा होता. पाइपाचा तुकडा आणि ओबडधोबड लाकडी मूठ एवढाच त्याचा ऐवज. पण शेजारची दोन काडतुसे मात्र कारखान्यात बनलेली, वडिलांच्या कपाटातल्या डब्यात होती तशीच.

ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बंदूक ही प्रतिष्ठेची गोष्ट, त्यामुळे शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली तेव्हा इथे बरीच कुरकुर झाली. निवडणुका आल्या की परवानाधारक रांगेत उभे राहून बंदुका जमा करतात. कट्टेवाला त्या रांगेत कधी दिसत नाही. त्याचा माल निमाडातल्या खरगोन-बडवाणीकडून किंवा थेट बिहारच्या मुंगेरहून येतो, आणि माझा अर्ज फेटाळला गेला असता तरी तिथल्या कट्टे घडवणाऱ्या भट्ट्यांना त्याची झळ लागली नसती. चोरीला गेलेली परवान्याची बंदूक गुन्हेगाराच्या हाती पडते हे खरे. पण कट्टा सहज आणि स्वस्तात मिळत असताना तेवढ्यासाठी कोण घरफोडी करील?

काडतुसांचे तसे नाही. कट्टा गावठी भट्टीत घडवता येतो, पण भरवशाचे काडतूस बनवायला कारखाना लागतो. म्हणून ते बहुधा परवानाधारकाच्या किंवा दुकानदाराच्या हिशेबातूनच निसटते. निर्बंध कसायचेच असतील तर ते इथे कसावेत, कारण कायदेशीर आणि बेकायदा शस्त्रांच्या वाटा इथेच एकमेकींना छेदतात.

अखेर परवाना माझ्या नावावर झाला. माझे चारित्र्य, डोळे, शेजारीपाजारी सगळे तपासून झाले होते. वडिलांच्या पुस्तिकेतली काडतुसांची खरेदी दुकानाच्या नोंदवहीशी जुळवून पाहायला मात्र कोणीही मागितली नाही.