डब्यातलं टोकन

पितृपक्ष, दिवस तिसरा

आज एकही फोन नाही. काल एक आला होता, पार्ल्याच्या बाईंचा. "नमुना आवडला हो, पण आता नको. घटस्थापना होऊ दे, मग बघू." गणपती गेले की दिवाळीपर्यंत रंगवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, असं सगळे सांगत होते. मधल्या पंधरा दिवसांबद्दल कोणी बोललं नव्हतं. मालिकांचं शूटिंग पितृपक्षात थांबत नाही, त्यामुळे इतकी वर्षं मला हे कळलंच नाही.

अकरा वर्षं गोरेगावच्या चित्रनगरीत प्लायवर संगमरवर काढला. ओल्या रंगावर स्पंज, कोंबडीच्या पिसाने शिरा, वरून वार्निश. कॅमेऱ्याला दहा फुटांवरून राजस्थानातला मकराना संगमरवर दिसला की आपलं काम संपलं. सेट तुटला की तो मकराना भंगारात. आता घरांच्या भिंती करायच्या ठरवल्यात, आणि घरात तसं नाही. माणसं भिंतीला पाठ लावून चहा पितात, पोरं नखाने खरवडून बघतात. म्हणून जूनपासून हात नव्याने बसवतोय. चुना आणि संगमरवराची भुकटी, कागदाएवढे पातळ थर, आणि पोलादी पत्ती मारून मारून चकाकी. राजस्थानात आराईश, म्हणजे चुन्याचा चकचकीत गिलावा, करणारे कारागीर अकीकाच्या दगडाने घोटतात, तसंच काहीसं. संध्याकाळी खांदा वर जात नाही.

हात बसलाय. गिऱ्हाईक बसत नाहीये.

दिवस सहावा

पत्रकांचा हिशेब मांडला. ५०० छापली, पेपरवाल्याने सकाळच्या अंकांत घालून वाटली. फोन आले दोन. एकाला गच्चीचं वॉटरप्रूफिंग हवं होतं. दुसरा मलाच रंगाचे डबे विकत होता. बायको म्हणाली, "चला, निदान दोघांनी वाचलं तरी."

दिवस नववा

काल पार्ल्याच्या बाईंनी स्वतःहून फोन करून बोलावलं, नुसतं माप घ्यायला. सोफ्यामागची भिंत, १० बाय ९. नव्वद फूट गुणिले ११० रुपये, मनात ९,९०० चा आकडा नाचायला लागला. मग खालच्या बाजूला हात लावला तर गार. पलीकडे बाथरूम. पावसाळा नुकताच सरलेला, त्यात पश्चिमेची बाजू. प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून चिकटवला आणि म्हटलं, उद्यापर्यंत काढू नका. आज सकाळी बाईंनी फोटो पाठवला: प्लॅस्टिकच्या आतून घाम. यावर काहीही लावलं तरी दिवाळीच्या आत फुगणार. आधी प्लंबर बोलवा, भिंत पूर्ण वाळू दे, मग मला सांगा, असं कळवून टाकलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. नाराज झाल्या असाव्यात. मीही झालो.

एक मात्र लक्षात आलं. मोबाईलवरचे फोटो त्यांनी झरझर पुढे सरकवले होते, पण पिशवीतून दोन फुटी नमुना-फळी काढली तेव्हा मांडीवर घेऊन पाच मिनिटं बोट फिरवत बसल्या.

दिवस अकरावा

फळ्या घेऊन दादरच्या एका रंगाच्या दुकानात गेलो. शेठनी रंग मिसळायच्या मशीनशेजारी दोन खिळ्यांपुरती जागा दिली. अट एकच, प्रायमर आणि लांबीचं (पुट्टीचं) सामान त्यांच्याकडूनच घ्यायचं. कबूल.

तासभर तिथेच रेंगाळलो. एक गोष्ट मला आधीच कळायला हवी होती: घरमालक दुकानात फार कमी येतात. येतात ते रंगारी. शेड कार्ड घरी नेणारे तेच, "ताई, हा रंग घ्या" म्हणणारेही तेच. मी इतके दिवस ज्या दारांची बेल वाजवत होतो, त्या दारांच्या आत ते शिडीवर आधीच उभे असतात.

भांडुपचे एक मालवणी काका माझी फळी न्याहाळत होते. मी मोबाईल पुढे केला तर म्हणाले, "फोटो कित्याक? हात लावूक दी." हात फिरवला, नख मारून बघितलं, वास घेतला. "बरा दिसता." पुढचा प्रश्न थेट आला: तू माझं काम खाणार का?

मुद्दा रास्त होता. मी सांगितलं, खरवडणं, लांबी, घासपेपर, प्रायमर सगळं तुमचं. बाकीच्या तिन्ही भिंती तुमच्या. मला एक भिंत द्या, आणि त्या भिंतीच्या प्रायमरच्या डब्यात निघेल ते टोकनही तुम्हीच ठेवा. कंपनी डब्यात घालते ते टोकन वटवलं की रंगाऱ्याला पैसे मिळतात. डबा फोडणाऱ्याचं टोकन, हा या धंद्यातला अलिखित कायदा. त्यावरून भांडणं झालेली मी सेटवर पाहिली आहेत. काकांनी नंबर घेतला, 'सेटवालो' नावाने सेव्ह केला.

घटस्थापना

सकाळी आई घट बसवत होती आणि काकांचा फोन. लालबागला एका घरी प्रायमर सुकलाय, मालकीणबाईंना टीव्हीमागे "काहीतरी वेगळं" हवंय, फळी घेऊन ये. गेलो. बाईंनी बोट फिरवलं, मग सासूबाईंना हाक मारली, त्यांनीही फिरवलं. सासूबाईंनी विचारलं, "पुसता येईल ना?" ओल्या फडक्याने हलकेच येईल, म्हटलं, पण साबण आणि लिंबू दूर ठेवा. चुना आहे, लिंबाचा डाग जात नाही. ठरलं. तीन दिवस, रोज एक थर.

दुपारी पहिल्या थरासाठी डबा उघडला. काका शिडीवरून उतरून आत डोकावले, ढवळायच्या काठीने तळापर्यंत चाचपलं.

"ह्येच्यात टोकन खंय?"

चुना मी घरी पिंपात भिजवलेला, त्यात कुठलं टोकन? प्रायमरचं काकांनी आधीच खिशात टाकलं होतं. चहा येईपर्यंत दोघं डब्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मग काकांनी दहा टक्क्यांवर बोलायला सुरुवात केली.