पोलिसाशी हुज्जत घातली की कलम १३२ लागतं?

नाकाबंदीत गाडी अडवली जाते, चावी कुणी काढली यावरून आवाज चढतो, 'बघून घेतो', 'वर्दी उतरवतो' सुरू होतं. दुसऱ्या दिवशी छोटीशी बातमी येते: पोलिसाशी हुज्जत, शासकीय कामात अडथळा, गुन्हा दाखल. हे इतक्यांदा वाचलंय की हुज्जत हाच गुन्हा, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. काही पोलिसांच्याही.

कायदा तसं म्हणत नाही. लोकसेवकाला कामापासून रोखण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३५३ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १३२ झालं. त्यासाठी लोकसेवकावर हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग व्हावा लागतो. आणि हल्ल्याची व्याख्या देणाऱ्या कलम १३० च्या स्पष्टीकरणात थेट लिहिलंय की नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. शब्दांमुळे हावभावाला किंवा तयारीला अर्थ येऊ शकतो, एवढंच. म्हणजे दोन हात लांब उभं राहून 'बघून घेतो' म्हटलं तर हल्ला नाही. तेच वाक्य मूठ उगारून, अंगावर धावून जात म्हटलं, तर स्पर्श न होताही हल्ला होऊ शकतो. कॉलर धरली, हात झटकला, मोबाइल हिसकावला की प्रश्न बलप्रयोगाचा होतो आणि मग 'मी फक्त बोललो' ही सबब चालत नाही.

बंगळुरूच्या एका दांपत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर पोलीस निरीक्षकाविरुद्ध तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर ३५३ लावलं गेलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, कारण त्यात ना हल्ला होता ना बलप्रयोग.

मग नुसत्या वादातही १३२ का लागतं? खरी गोम दखलपात्रतेत आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय स्वतःहून तपास करू शकतात की नाही यात. तोंडी वादाला जवळची न्याय संहितेतली कलमं दोन. २२१ म्हणजे कामात अडथळा: कमाल ३ महिने कैद किंवा २,५०० रुपये दंड किंवा दोन्ही. ३५२ म्हणजे शांतताभंग व्हावा म्हणून हेतुपुरस्सर अपमान: कमाल २ वर्षं. दोन्ही अदखलपात्र, दोन्ही जामीनपात्र. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. १३२ मात्र दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७४ प्रमाणे प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून फिर्यादीत 'धक्काबुक्की करून' हे दोन शब्द आले की २२१ आणि ३५२ त्याच गाडीत बसून जातात. ते दोन शब्द खरे असतील तर काहीच म्हणणं नाही. ते साच्यातून आलेले असले की घोळ होतो.

महाराष्ट्राने मध्यंतरी राज्य दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली होती आणि खटला सत्र न्यायालयात चालवायचं ठरवलं होतं. नव्या संहितेत कमाल शिक्षा पुन्हा २ वर्षं आहे. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असल्याने सरसकट अटक अपेक्षित नाही. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस येते, आणि तिला हजर राहणं टाळलं तर अटकेला आयतं कारण मिळतं.

२२१ चा खटला तर बऱ्याचदा कागदावरच पडतो. त्याच संहितेच्या कलम २१५ नुसार संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. नुसत्या दोषारोपपत्रावर न्यायालय दखल घेऊ शकत नाही.

आता पुढचा प्रश्न: पोलिसाला शब्दांनी डिवचणं हाच स्वतंत्र गुन्हा असावा का? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मार्च २०२१ मध्ये असं विधेयक सिनेटने २२ विरुद्ध ११ मतांनी संमत केलं होतं. हिंसक प्रतिक्रिया उमटेल अशा शब्दांत किंवा हावभावांत पोलिसाला डिवचणाऱ्याला ९० दिवसांपर्यंत कैद होऊ शकली असती. विधेयक मांडणारे स्वतः निवृत्त पोलीस अधिकारी. पुढे ते कायदा झालं नाही. त्याआधी, १९८७ साली, ह्यूस्टन शहराचा पोलिसांना तोंडी अडवणं गुन्हा ठरवणारा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता.

माझं मत स्पष्ट आहे: नसावा. अशा गुन्ह्याचं मोजमाप 'समोरचा किती भडकला' यावर होतं आणि भडकलेला माणूसच फिर्यादी असतो. शिवाय 'शांतताभंग होईल' याचा अर्थ इथे पोलीस स्वतः हात उचलेल असा निघतो. प्रशिक्षण घेतलेल्या, हातात काठी असलेल्या माणसाबद्दल कायद्याने हे गृहीत धरावं? आपलाच कायदा नागरिकाला सांगतो की लोकसेवकाने कायदेशीर अधिकारात केलेल्या कृतीचं निमित्त करून 'मला राग आला' ही सवलत मागायची नाही. मग तेवढाच संयम वर्दीकडूनही हवा. खरी धमकी असेल तर लोकसेवकाला इजेची धमकी देण्याबद्दलचं न्याय संहितेचं कलम २२४ आहे. मात्र 'तुमची वरिष्ठांकडे तक्रार करतो' ही धमकी नव्हे, कारण कायदेशीर तक्रार म्हणजे इजा नाही. 'घराबाहेर पड, बघतो' याची गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष प्रसंगात आवाजापेक्षा अंतर महत्त्वाचं. हात खाली, मोबाइल छातीशी, अधिकाऱ्याच्या तोंडासमोर नाही. चित्रीकरणाबद्दल पोलीस 'गोपनीयता कायदा' (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) काढतात, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध स्थान नाही असं सांगितलं आहे. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण, तेही आवाजासह, १८ महिने राखावं असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. तरीही चित्रण जतन करण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्यावा आणि पोच घ्यावी. नंतर 'यंत्र बंद होतं' ऐकायला मिळतं.

आणि एफआयआरची प्रत हातात आली की कलमांचे आकडे आधी वाचू नका. धक्का कुणी दिला, कुठे लागला, त्या क्षणी कोणतं काम चालू होतं, ते कोणतं वाक्य सांगतं हे शोधा. 'गोंधळ घातला, आरडाओरडा केला' एवढंच सापडलं, तर वकिलाला पहिल्या भेटीत तेच वाक्य दाखवा.