संसार मोडलेल्या बाईनं हे गाणं का म्हणावं?

दर कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी ‘अरे संसार संसार’ म्हणते आणि दर वर्षी दुधाचा पेला हातात घेऊन कुणीतरी जवळ येतं. “तुम्ही तर वेगळ्या झालात ना? मग हेच गाणं का?” यंदा विचारणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. तिच्या विचारण्यात खोच नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. “आवडतं गं,” एवढंच मी म्हटलं आणि घरी आल्यावर रात्रभर माझाच मला राग येत राहिला. तू विचारलंस म्हणून, आणि तुझ्याआधी ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठीही, एकदाचं लिहून टाकते.

हे गाणं रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी तिशीत विधवा झाल्या. पदरात तीन मुलं, वर शेत, गुरं, घर. म्हणजे नवऱ्यामागे कितीतरी वर्षं त्यांनी एकटीनं रेटलं तोही संसारच. मग नवरा नसलेल्या बाईला हे गाणं शोभत नाही, हे कुणी ठरवलं? हा मुद्दा मी बरीच वर्षं ढालीसारखा वापरला. समोरचा गप्प बसायचा. पण मला मनात ठाऊक होतं की मी अर्धंच सांगते आहे. बहिणाबाईंचं कुंकू मरणानं पुसलं, माझं मी पुसलं. आणि कवितेत स्वच्छ म्हटलंय, ‘दोन्ही जीवांचा इचार’. दोन. ती ओळ मला कुठंच बसवता येत नाही.

हे गाणं मी रेडिओवर ऐकण्याआधी आईच्या तोंडून ऐकलं. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. ‘मानिनी’ सिनेमातलं सुमन कल्याणपूरांचं गाणं सगळ्यांच्या कानात असतं, पण आई ते त्या चालीवर म्हणत नसे. तिची चाल ओवीची, जात्यावरची, प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी खाली बसणारी. आणि कविता गाण्यापेक्षा लांब आहे, ती तिला सगळी पाठ. त्यातलं भिलाव्याचं कडवं माझं लहानपणापासूनचं लाडकं. ‘म्हनू नको रे भिलावा, त्याले गोड भीमफूल, मधी गोडंब्याचा ठेवा.’ भिलावा म्हणजे बिब्बा. आजी हाताला राख लावून दगडावर बिब्बे फोडायची, आणि तरी कधीतरी तेल उडायचंच. एकदा तिच्या मनगटावर बिब्बा उतला, ही एवढी फोडं आली. त्याच हातानं तिनं गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतली बी, माझ्या तळहातावर ठेवली होती. तेव्हापासून मला हे कडवं समजावून सांगावं लागलं नाही.

आता ती गोष्ट, जी मी गच्चीवर सांगत नाही.

एप्रिल 2004. मुलगी तीन वर्षांची. एक बॅग घेऊन मी नाशिकहून गाडीनं जळगावला उतरले, तिथून एसटीनं गावी. दुपारची वेळ, अंगाची लाही होत होती, पोर तापली होती. तुम्हाला वाटेल मारहाण असेल. नव्हती. त्याचा अबोला असायचा. महिना महिना. मी वाढलेलं ताट तो सरकवून ठेवायचा आणि स्वतः उठून वेगळं वाढून घ्यायचा. मी भरलेला पाण्याचा तांब्या ओतून टाकून पुन्हा भरायचा. हे कुणाला सांगायला गेलं की ऐकणारा म्हणतो, “एवढंच?” आणि खरं सांगायचं तर मीही काही मुकी नव्हते. त्याच्या थोरल्या भावासमोर, घरात पाहुणे असताना, मी त्याला जे बोलले ते पुन्हा उच्चारण्यासारखं नाही. अबोल्याची सुरुवात तिथून झाली असं तो म्हणायचा. मला ते आजही पूर्ण खोटं वाटत नाही.

आई चुलीपुढे होती. घरात गॅस होता, पण कळण्याची भाकरी ती चुलीवरच करायची. तिनं बॅगेकडं पाहिलं, पोरीला मांडीवर घेतलं, आणि मी बोलत असताना थापणं थांबवलं नाही. परातीत भाकरी फिरत होती. ती तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायची, पाणी आटलं की बोटांनीच उलटायची. उलथणं शेजारी पडलेलं असायचं, ती घ्यायची नाही. मी सगळं सांगून संपवलं. तिनं निखाऱ्यावर टेकवलेली भाकरी फुगेपर्यंत वाट पाहिली आणि मग, माझ्याकडं न बघता, त्या जात्यावरच्या चालीत हळूच म्हणाली,

‘अरे संसार संसार, नही रडनं, कुढनं,
येड्या, गयातला हार, म्हनू नको रे लोढनं.’

लोढणं म्हणजे पळणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवतात तो लाकडाचा ओंडका. माझा हात आपोआप मंगळसूत्राकडं गेला. “जेवून घे, माय,” ती म्हणाली. “उद्या दादा सोडून येईल.”

मी जेवले आणि दुसऱ्या दिवशी दादाबरोबर परत गेले. त्यानंतर तीन वर्षं राहिले.

त्या तीन वर्षांबद्दल मी आईला दोष देते का? कधी देते. मग आठवतं, तिच्यापाशी मला द्यायला दुसरं काय होतं? पैसा नाही, शिक्षण नाही, गावात बोलायला तोंड नाही. तिच्याकडं हे गाणं होतं. तिनं त्यावर स्वतःची चाळीस वर्षं काढली होती, आणि तेच काढून तिनं मला दिलं.

2007 साली मी वेगळी खोली घेतली तेव्हा तिला फोन केला. तिनं पुन्हा तेच सुरू केलं, आधी हाताला चटके. मी मध्येच तोडलं. म्हटलं, “आई, ‘तव्हा मिळते भाकर’ असं आहे ना पुढं? माझी भाकर कुठंय?” पलीकडून काही आलं नाही. फोन चालू होता, गोठ्यातली घंटा ऐकू येत होती. मग तिनं ठेवून दिला.

तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. वकिलालाही मी तेच वाक्य ऐकवलं, मैत्रिणींना ऐकवलं. आज त्या तीस वर्षांच्या बाईला मी विचारते, भाकर कशाला म्हणत होतीस तू? मुलगी हीच भाकर, असं सोपं उत्तर देता येतं. पण लेकराच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवायचं नसतं. आणि नोकरी, घर, शांत झोप, हे मला संसारातून मिळालं की तो सोडून? दोन्ही बाजूंनी मी वाद घालू शकते आणि घालतेही, बहुतेक रात्री.

त्या फोननंतर आईनं ते गाणं माझ्यासमोर कधीच म्हटलं नाही. भाकरी थापताना गुणगुणायची, मी आत आले की थांबायची. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. मी गच्चीवर म्हणते ते तिच्या चालीवर, कारण ती चाल आता दुसऱ्या कुणाकडं नाही. माझ्याकडून तिचं गाणं तुटलं, हे मला खातं. म्हणून मी म्हणते. आवडतं म्हणून नव्हे, किंवा तेवढ्यासाठीच नव्हे.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली नाही. लोढण्याचं कडवं मी गाळते. भिलावा घेते, शेंगेचे काटे आणि आतले सागरगोटे घेते, ते एक सोडून देते.

मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. परवा ती म्हणाली, “आई, हळदीला आजीचं गाणं म्हण ना. सगळं म्हण, आजी म्हणायची तसं.” आजी कसं म्हणायची ते तिला मांडीवरून आठवत असेल का, मी विचारलं नाही. अजून तिला हो म्हटलेलं नाही.