पलंगाखालचा काटा

दुपारी केर काढताना पलंगाखाली झाडू कशाला तरी अडला, ओढून बघितलं तर वजनकाटा. मागच्या फेब्रुवारीत सरकवलेला. जानेवारीभर आमचं बरं चाललं होतं, मग येरे माझ्या मागल्या. पुसला, वर उभी राहिले तर काहीच नाही, सेल संपलेले. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

पण नवीन वर्ष आहे, म्हणून टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले. मग नेहमीचे सोपस्कार. घड्याळ काढलं, केसांचा क्लिप काढला, चष्मा काढला, मग आकडाच दिसेना म्हणून परत घातला. आमच्या दारापाशी एक फरशी जराशी खचलीये, तिच्यावर काटा ठेवला की अर्धा किलो कमी दाखवतो, हे माझं अनेक वर्षांचं संशोधन.

लहानपणी सगळं उलटं होतं. मी म्हणजे अगदी पाप्याचं पितर, 'खाल्लेलं हिच्या अंगालाच लागत नाही' हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. डॉक्टरांकडे तो उभा काटा असायचा, वरच्या दांडीवरचं वजन डॉक्टर बोटाने टक टक करत पुढे न्यायचे आणि दांडी तरंगली की थांबायचे, आणि फार लवकर थांबायचे. आईचा चेहरा पडायचा. म्हणून एकदा मी भावाच्या अठरा गोट्या फ्रॉकच्या खिशात घालून गेले, खुळखुळू नयेत म्हणून रुमालात बांधून. दांडी एक घर पुढे सरकली. म्हणजे आता हिशोब केला तर जेमतेम शंभर ग्रॅम, पण आई केवढी खूश! उतरताना गाठ सुटली आणि एक गोटी टणटणत टेबलाखाली गेली. डॉक्टरांनी वाकून ती काढली, माझ्या हातात ठेवली आणि कागदावर लिहिलेला आकडा काही खोडला नाही.

असे डॉक्टर आता हवेत.

मागच्या जानेवारीत पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून मी गावभर सांगत फिरले होते. नंतर कळलं की ते बरंचसं पाणीच. शरीर साखर ग्लायकोजेन करून साठवतं ना, तर एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, खाणं कमी केलं की आधी ते जातं, आणि एका लग्नाला जाऊन आलं की परत येतं. दहा हजार पावलांचंही तेच, १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचं मीटर', आणि त्या नावापायी मी रात्री साडेअकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालून उरलेली चारशे पावलं पुरी करायचे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. चरबी उतरते म्हणजे जाते कुठे? मला वाटायचं घामातून. तर नाही, १० किलो चरबी गेली की त्यातली साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते, उरलेल्याचं पाणी होतं. आपण वजन हवेत सोडतो! (भराभरा श्वास सोडून काही होत नाही, मी करून बघितलं, चक्कर आली.)

तर आजचा आकडा. जाऊ दे, सांगत नाही. खचलेल्या फरशीवर ठेवूनसुद्धा बघितला. मोठा उसासा सोडला, त्यातून जे काही मिलिग्रॅम गेले असतील ते गेले. उद्यापासून चालायला जायचं, बूट दारात काढून ठेवलेत, गेल्या वर्षीचेच, तळ अजून कोरे करकरीत.

संध्याकाळी टीव्ही लावायला बसले तर रिमोट मेलेला. उठून लावता आला असता. पण मग सेल काढायला तरी उठावं लागलंच की.