पितळखोऱ्यातला सोनार

गाइड म्हणून माझं पोट चालतं ते वेरूळ-अजिंठ्यावर. पितळखोऱ्याची फेरी कधीतरीच लागते. गेल्या श्रावणात पैठणचं एक कुटुंब घेऊन गेलो. मुलगा, सून, नातू आणि सत्तरीतले काका, पिढीजात सोनार. पोरांना धबधबा बघायचा होता. काकांना काय बघायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

गौताळा अभयारण्यातली ही लेणी दरीत उतरून बघावी लागतात. वरून सातमाळ्याची हिरवीगार रांग दिसते, पण आमचं लक्ष पायऱ्यांवरच्या शेवाळाकडं. काका माझा खांदा धरून एकेक पायरी उतरत होते. मंडळी केव्हाच पाण्याकडं पळाली.

चौथ्या लेण्यापुढं हत्तींची रांग आहे, दाराशी भालेवाले द्वारपाल. मी नेहमीची टेप लावली: इसवीसनपूर्व दुसरं शतक, हीनयान, प्रतिष्ठानच्या लोकांनी दिलेली दानं, त्यात एक गंधिक, म्हणजे अत्तरवाला.

"प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठणच की हो!" काका खालीच बसले.

मग मोबाइलवर इथं सापडलेल्या यक्षाचा फोटो दाखवला. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर पसरट भांडं, तोंडभर हसू, आणि हातावर कोरलेलं की कण्हदास नावाच्या सोनारानं घडवली. हे वाक्य मी एवढ्या वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, पण ऐकून कुणी थांबलं नव्हतं.

काकांनी चष्मा वर सरकवला, मोबाइल पार नाकाशी नेला. यक्षाचा चेहरा त्यांनी बघितलाच नाही. बोटांनी फोटो मोठा करत गळ्यातला हार बघितला, मग हातातली कडी.

"सोनाराचाच हात आहे," म्हणाले. "पण धाडस बघा. आमचं चुकलं तर वितळवून परत ओततो. तुटलं तर डाक देतो. दगडाचा टवका उडाला की संपलं."

अर्धा तास आम्ही तिथंच. वरून मुलाच्या हाका सुरू. वेरूळ बंद व्हायची वेळ जवळ येत होती. ते राहिलंच. मुलगा माझ्यावर चिडला, आणि त्याचं चुकलंही नव्हतं.

चढताना काका मध्येच थांबले. मला वाटलं दम लागला.

"नाव कोरलंय म्हणता. घडणावळ किती मिळाली, ते कोरलंय का?"

"नाही काका."

"हां," म्हणाले, आणि पुढची पायरी चढले.