तेलातला कॉम्प्युटर

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण खिडकीखालच्या काचेच्या टाकीपाशी थांबतो आणि विचारतो, "अहो, हा तेलात बुडालेला कॉम्प्युटर शॉर्ट कसा होत नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

टाकीत लिक्विड पॅराफिन, म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल आहे. त्यातून वीज वाहत नाही. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल भरतात तेही याच गुणासाठी. पाणी नको, अगदी शुद्ध घातलं तरी कॉम्प्युटरच्या सर्किट बोर्डावरचे क्षार त्यात उतरतात आणि ते वीज वाहायला लागतं. गोडेतेल खवट होतं. कल्पना जुनीच आहे, १९८५चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला असायचा.

मला मात्र शॉर्टपेक्षा उष्णतेनं जास्त छळलं. तेल उष्णता शोषून घेतं, पण ती तिथंच साठते. माझ्याकडे २५ लिटर, म्हणजे साधारण २१ किलो तेल आहे. कॉम्प्युटर २०० वॅट खात असेल आणि उष्णतेला बाहेर वाटच नसेल, तर दर तीन-साडेतीन मिनिटांना तेल एक अंशानं तापतं. काचेतून थोडी निसटते, तेवढीच. पहिल्या दिवशी पंखे तेलात संथ फिरत होते, खोलीत चिटपाखराचा आवाज नव्हता, मी हरखून गेलो होतो. एप्रिल महिना, सदाशिव पेठेतला सगळ्यात वरचा मजला. रात्री जेवून आलो तर काचेवर हात ठेववेना. दुसऱ्याच दिवशी तेल फिरवायला पंप आणला आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर खिडकीत बसवला.

साधी हार्डडिस्क आत टाकू नका. तिला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून तेल शिरलं की ती गेली. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क, चालते.

आणि वायरी! तीन आठवड्यांनी माउसखाली टेबलावर चकचकीत डाग दिसला. पुसला, संध्याकाळी पुन्हा हजर. समईच्या वातीत चढतं तसं तेल वायरीच्या आतून चढून माउसपर्यंत आलं होतं. आता पोर्टांची, म्हणजे वायरी खोचायच्या जागांची, कड तेलाच्या वर राहील असा बोर्ड उभा केलाय. बुडालेल्या वायरींचं प्लॅस्टिक हळूहळू कडक होतंय, त्याला इलाज सापडलेला नाही.

तरी मला हा आवडतो. पुण्यातली धूळ त्याच्या पंख्यांत कधीच साठत नाही.

तुम्हाला करायचाच असेल तर जुन्या बोर्डावर करून बघा, आणि तेल आणण्याआधी रेडिएटर कुठे ठेवणार ते ठरवा.