पीएबीटी ते हॉवर: हवाई दलात पायलट होताना

हवाई दलात पायलट व्हायचं तर एक परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. मुलाखत मंडळापुढे नापास झालात तर पुन्हा जाता येतं. पण पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट, म्हणजे पीएबीटी, गेली की पायलट होण्याचा विषय तिथेच संपला. आता तिच्या जागी सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आली आहे, 'एकदाच' हा नियम मात्र तसाच आहे. मी गेले तेव्हा हे सांगणारं आमच्या तालुक्यात कुणी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९४ च्या डिसेंबरमध्ये हवाई दलाच्या पहिल्या सात महिला पायलट अधिकारी झाल्या. त्याच वर्षी हरिता कौर देओल यांनी सोलो उड्डाण केल्याची बातमी मी वाचली आणि डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित होतंच. बाबा दर आठवड्याला 'रोजगार समाचार' आणायला लागले. मुलींना तेव्हा फक्त शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती अधिकाऱ्याची नोकरी, मिळायचं, तेही ट्रान्सपोर्ट किंवा हेलिकॉप्टरसाठी. फायटरमध्ये मुली आल्या त्या थेट २०१६ मध्ये.

निवड मंडळाचं बोलावणं म्हैसूरचं आलं. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण सामान उचलून स्टेशनवर परत जातात. पुढचे मानसशास्त्रीय पेपर, मैदानावरची गटाची कामं, मुलाखत यांबद्दल सगळीकडे भरपूर छापून आलेलं आहे. पीएबीटीबद्दल मात्र तेव्हा काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

एका यंत्रासमोर बसवतात. हातात स्टिक, पायाखाली पेडल आणि समोर पडद्यावर सतत पळणारा प्रकाशाचा ठिपका. तो मधल्या चौकोनात धरून ठेवायचा. मधूनच दिवे लागतात, भोंगा वाजतो, तेही डाव्या हाताने बंद करायचे. ठिपका उजवीकडे गेला म्हणून जोरात डावीकडे आणला की तो चौकोन ओलांडून पार पलीकडे जातो. मग तो परत आणायचा, मग पुन्हा तेच. माझ्या लक्षात आलं की ठिपका कुठे आहे त्यापेक्षा तो कुठे निघालाय हे बघायला हवं. त्याचा वेग थोडा कमी केला की तो आपोआप मध्ये येतो. पतंगाच्या मांजाला बोटानेच ढील द्यावी तशी पकड ठेवली आणि ठिपका थांबायला लागला.

मग वैद्यकीय तपासणी, बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये. उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी, मांडी जास्तीत जास्त ६४ सेंमी. भिंतीला पाठ टेकवून बसवतात आणि मोजतात. माझ्यासोबतची एक अतिशय हुशार मुलगी पायाच्या लांबीत गेली. ती मला आजही आठवते. घरून निघण्याआधी हे माप कुणी घेतलं असतं, तर तिने आधीच ग्राउंड ड्युटीचा, म्हणजे जमिनीवरच्या कामाचा, फॉर्म भरला असता.

दुंडीगलच्या हवाई दल अकादमीतले दिवस पळण्यात आणि पाठांतरात गेले. माझं खरं शिक्षण हकीमपेटच्या हेलिकॉप्टर ट्रेनिंग स्कूलमध्ये झालं, चेतक हेलिकॉप्टरवर. हॉवर, म्हणजे जमिनीपासून थोडंसं वर एका जागी स्थिर राहणं, बघायला सोपं वाटतं. सर एकेक कंट्रोल हातात द्यायचे. आधी फक्त नाक वळवणारं पेडल, मग वर-खाली नेणारा कलेक्टिव्ह, शेवटी पुढे-मागे आणि बाजूला नेणारी सायक्लिक. चेतकचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे कलेक्टिव्ह वर ओढला की नाक डावीकडे वळतं आणि उजवं पेडल द्यावं लागतं. एक कंट्रोल हलवलं की बाकीचे दोन सांभाळावे लागतात. "यू हॅव कंट्रोल्स" म्हणत सरांनी तिन्ही सोपवले आणि हेलिकॉप्टर मैदानभर भरकटायला लागलं. सर म्हणाले, "खाली बघू नकोस, लांब बघ." नजर दूरच्या झाडांवर नेली. क्षितिज जरासं कललेलं दिसतंय तोच बोटाने दाब दिला की काम होतं. पीएबीटीचा तो ठिपकाच होता हा, फक्त आता आम्ही दोघे त्यात बसलो होतो.

रात्री खोलीत चेअर फ्लाइंग चालायचं. खुर्चीत डोळे मिटून सगळे चेक्स, सगळ्या हालचाली क्रमाने. त्यानंतर मी वही काढायचे. हात हलवण्याआधी काय दिसलं, पाठीला काय जाणवलं, एवढंच लिहायचं. 'हॉवर चांगला झाला' असं वाक्य लिहायचं नाही, हा माझा नियम. लिहायला बसल्यावर जे आठवत नसे, ते दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणात मुद्दाम बघायचे. माझं उड्डाण या वहीनेच सुधारलं, असं मी ठामपणे म्हणते.

नोकरीत असताना परवानगीशिवाय काही छापता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे वर्दी उतरल्यावरच मी मराठीत लिहायला लागले. महिला पायलटवरचा लेख म्हटला की 'आकाशाला गवसणी' ठरलेली. ती बाई कॉकपिटमध्ये बसून नेमकं काय करते, याची एक ओळ नसते. याचा मला मनापासून राग येतो. ज्या मुलीला तिथे जायचंय, तिला गवसणीचा काय उपयोग? तिला पेडल कुठल्या पायाने द्यायचं ते सांगा.

२०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून एनडीएच्या पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तेव्हापासून शाळकरी मुलींचे आणि त्यांच्या आयांचे फोन वाढलेत. मी सांगते: पायाची लांबी आधी मोजून घ्या, आदल्या रात्री झोपा, स्टिक आवळू नका.

सध्या डोंगरातल्या लँडिंगवर लिहितेय. विरळ हवेत किती वजन घेऊन उतरता येतं याचा हिशोब कसा करतात, आणि खाली धूर किंवा झेंडा नसेल तर वारा कसा ओळखायचा, हे दोन भाग झालेत. उतरायला गेल्यावर 'नाही जमत' असं ठरवून परत वळण्याचा भाग लिहायचा राहिलाय, आणि त्याला सगळ्यात जास्त पानं लागणार आहेत.